शनिवारचं लोखंड

जॅक वाकला तेव्हा राहीबाईला आधी आवाज आला आणि मग वास. आवाज फार मोठा नव्हता, सुकलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तेवढाच. वास तापलेल्या तेलाचा होता. ट्रॅक्टर बंद करून ती खाली उतरली आणि मागं गेली. पलटी नांगर अर्धवट उलटून तिरपा लटकला होता. त्याला उलटवणारा जॅक म्हणजे हातभर लांबीची लोखंडी नळी आणि तेलाच्या दाबानं तिच्यातून आतबाहेर होणारा चकचकीत दांडा. नळी शाबूत होती. दांडा वाकला होता, आणि नळीच्या तोंडातून तेल ढेकळांवर ठिबकत होतं.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. एप्रिलच्या उन्हात रानात कोणी नव्हतं. कांदा निघालेला, ऊस कारखान्याला गेलेला. लांब रस्त्यावरून शिंगणापूरच्या गाड्या जात होत्या, त्यांच्या काचा मधूनच चमकत होत्या.

पलटी नांगराला फाळांचे दोन संच असतात. एक जमिनीत चालतो, तेव्हा दुसरा वर आभाळाकडं तोंड करून असतो. तास, म्हणजे नांगराची एक ओळ, संपलं की लिव्हर ओढायची. जॅक नांगराला उभा करून पलीकडं पाडतो, वरचे फाळ खाली येतात, आणि आल्या वाटेला लागून नवं तास धरायचं. ड्रायव्हरला जागचं उठावं लागत नाही. राहीबाईच्या घरचा नांगर मात्र उभा व्हायचा आणि तिथंच अडायचा, घाट चढून माथ्यापाशी दम लागलेल्या माणसासारखा. तिथून त्याला पलीकडं पाडायला एक धक्का पुरायचा. तो धक्का दहा-अकरा वर्षं राहीबाईनं दिला. नवरा वाल्मिक गाडीवर आणि ती पहार घेऊन मागं. तास संपलं की वाल्मिक थांबून लिव्हर ओढायचा, ती पहारीनं नांगराला रेटायची आणि बाजूला होऊन हात वर करायची. हात दिसल्याशिवाय तो गाडी हलवत नसे. मग ताज्या तासातून ती त्याच्या मागोमाग दुसऱ्या टोकाला चालत जायची. ट्रॅक्टरच्या आवाजात बोलणं व्हायचं नाही, आणि घरी आल्यावरही त्यांचं फारसं व्हायचं नाही. पण नांगरटीचे दिवस ते असे बरोबर काढायचे.

दिवाळीनंतर कांद्याला पाणी देताना वाल्मिक बांधावर बसला तो पुन्हा उठला नाही.

मुलगी दिपाली चाकणला होती. ती म्हणाली, आई, इकडं ये. धाकटा दीर गोरक्षनाथ म्हणाला, जमीन मला वाट्यानं द्या, तुमचा निम्मा माल घरपोच. दोघांचंही बोलणं रीतीला धरून होतं. राहीबाईनं दोघांनाही एकच सांगितलं, रान मी करीन. ट्रॅक्टर तिला चालवता येत होता. कांद्याची ट्रॉली ती कितीदा शेतातून कांदा साठवायच्या चाळीपर्यंत आणायची. गोरक्षनाथ हसला नाही, पण म्हणाला, "अक्षय तृतीयेच्या आत नांगरून दावा. मग तुमी अन् तुमचं रान, मी शब्द काढायचा न्हाई. न्हाई झालं तर वाट्याचं बोलू." वाट्याच्या बोली त्याच दिवसांत होतात, म्हणून तिनं मान हलवली होती.

एकटीनं नांगरायचं म्हणजे दर तासाला खाली उतरायचं, पहार लावायची, पुन्हा वर चढायचं. दोन दिवसांत गुडघे सुजले. मग तिनं एक युक्ती काढली. नांगर उभा होऊन अडला की गाडी झपकन मागं घ्यायची आणि एकदम ब्रेक दाबायचा. त्या हिसक्यानं नांगर आपोआप पलीकडं पडायचा. धाडदिशी पडायचा, पण पडायचा. तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. ते सांगायला कोणी नव्हतं एवढंच. शुक्रवारी दुपारी त्याच हिसक्यानं दांडा वाकला, तेव्हा निम्म्याहून जास्त रान बाकी होतं आणि बुधवारी अक्षय तृतीया, म्हणजे आखिती, होती.

संध्याकाळी गोरक्षनाथ बांधावरून आला. वाकून त्यानं जॅक पाहिला, बोटाला तेल लावून पाहिलं.

"वैनी, गचके दिले का?"

ती पिना काढत राहिली.

"दिले म्हंजे दिले. आवो, नांगर हाय तो. म्हैस हाय का, दांडकं दावलं की वळाया?"

"म्हैस बरी, भावजी. तिला निदान हाक मारता येते."

तो हसला आणि शेजारच्या ढेकळावर टेकला. "मी टाकतो नांगरून. माझा नांगर मोकळाच हाय. घरचंच रान."

"मग तुमच्या-माझ्यातलं बोलणं काय राहिलं?"

"तुमी लई हिशोबी, बाई." तो उठला, धोतर झटकलं. "जमलं तर बघा. न्हाई तर आखितीला मी जेवाया येतोच हाय, तवा बोलू."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. कपट असतं तर तिला सोपं गेलं असतं.

सकाळी जॅक गोणीत घालून ती रस्त्याला आली. नेवासा फाट्याकडं जाणारी जीप शिंगणापूरहून परतणाऱ्या माणसांनी भरलेली होती. शनिवार होता, देवाला तेल घालून सगळे परत निघाले होते. ड्रायव्हरनं तिला मागच्या सीटवर कोंबलं. थोड्या वेळानं समोरच्या माणसाला तिच्या गोणीतून तेलाचा थेंब पडताना दिसला.

"मावशी, देव मागं राहिला. तेल घेऊन उलट्या कुठं निघालात?"

जीपमध्ये हशा झाला. राहीबाईलाही हसू आलं. कितीतरी दिवसांत तिची कोणी थट्टा केली नव्हती. आणखी काहीतरी बोलावं म्हणून ती शब्द शोधत होती, तोवर त्या माणसानं तोंड फिरवून मोबाईल काढला.

गनीभाईंचं दुकान फाट्यावर होतं, पुढं सुटे भाग आणि मागं लोखंड कातायचा लेथ. शनिवारी ते पुढच्या मांडणीवर पडदा सोडत. या भागात शनिवारी लोखंड आणि तेल कोणी विकत घेत नाही. घेतलं तर साडेसाती घरी येते म्हणतात. म्हणून त्या दिवशी गनीभाई फक्त दुरुस्ती करत, आणि फार तर रबर विकत.

"या भाभी. गोणीत काय, कोंबडी?"

"जॅक हाय. नांगराचा."

त्यांचा चेहरा बदलला. "वाल्मिकभाऊंच्या दहाव्याला आलो हुतो मी. तुमी आत हुत्या."

"दिसला हुता," ती म्हणाली. खरं तर त्या दिवशीचं तिला कोणीच आठवत नव्हतं.

त्यांनी जॅक पकडीत आवळला, तोंडाकडचं झाकण फिरवून काढलं आणि वाकडा दांडा ओढून बाहेर घेतला. त्याच्या आतल्या टोकाला मुठीएवढा गोल दट्ट्या होता, आणि दट्ट्यावर काळ्या रबराच्या दोन कड्या. गनीभाईंनी तो चिंधीनं पुसला आणि उजेडाकडं नेऊन नको तितका वेळ पाहत राहिले.

"ही सीलची रबरं कुणी बसवली?"

"त्यांनीच."

"कवा?"

तिला तो दिवस आठवत होता. नांगर नवा होता, पहिल्या-दुसऱ्या वर्षातला. जॅक बाहेरून गळायला लागला. दुकानदार म्हणाला होता, पूर्ण जॅक बदलून न्या. पण शनिवार होता, लोखंड घेता येत नव्हतं. रबराला काही बाध नव्हता. म्हणून वाल्मिकनं नुसती रबरं आणली आणि अंगणात पोतं टाकून स्वतः बसवली. ती मऊ व्हावीत म्हणून राहीबाईनं चुलीवर पाणी गरम करून दिलं होतं. गळती थांबली. वाल्मिकला केवढा आनंद झाला होता. त्यानंतर पहिल्यांदा रानात नेला तेव्हा नांगर उभा होऊन अडला, आणि तो म्हणाला, "हा नांगरच असा निघाला."

हे सगळं तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "लई वर्षं झाली."

"हितं बघा." गनीभाईंनी नखानं रबराची कड उचलली. "ह्याला ओठ असतो. तेल ज्या बाजूनं जोर करतं, त्या बाजूला ओठ उघडा पाहिजे. मग तेलानंच तो फुगतो अन् नळीला चिकटून बसतो. दट्ट्यावर तेल दोन्हीकडून जोर करतं, म्हणून दोन रबरं, दोन दिशांना तोंड करून. हितं दोन्ही एकाच दिशेला बघत्यात."

"मग?"

"मग एका बाजूनं दाब धरला. दुसऱ्या बाजूनं तेल हळूच ओठावरून पलीकडं सटकायचं. नांगर निम्म्यात दमणारच की."

"म्हंजे नांगरात खोट न्हवती?"

"नांगर चांगला हाय. आजही चांगला हाय."

राहीबाईनं दट्ट्या हातात घेतला. रबराची कड बोटाखाली एका दिशेला नरम लागत होती, दुसऱ्या दिशेला अडत होती. एवढंच होतं ते. कडी काढायची, फिरवायची, परत घालायची.

"मी म्हणालो हुतो त्यांना," गनीभाई म्हणाले. "एकदा हितं, एकदा घोडेगावच्या बाजारात. नांगर अडतो म्हंजे आतून तेल जातंय, जॅक काढून आणा, खोलून बघू."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, असू द्या गनीभाई. मालकीण असती की मागं."

लेथपाशी कोणीतरी फॅन चालू ठेवला होता, त्याची पाती घासत फिरत होती.

"हसून म्हणाले का?"

गनीभाईंनी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. "आता काय सांगावं, भाभी. लेथ चालू हुता, आवाजात एवढंच ऐकू आलं."

कदाचित कंजूषपणा असेल. कदाचित आळस. कदाचित त्याला ती मागं हवी असेल. तीनही माणसं वाल्मिकमध्ये होती आणि तिन्ही तिनं पाहिली होती. त्यातलं कोण बोललं होतं, हे आता विचारायला जागा उरली नव्हती.

"बरं," गनीभाई हात पुसत म्हणाले, "रबरं आज घालतो. ह्या दांड्याचं मात्र काही खरं न्हाई. दाबून सरळ होईल, पण वरचा मुलामा उडालाय, नवं रबर चार दिसात फाडील. नवा दांडा कापावा लागंल. तो मंगळवारी देतो."

"मंगळवारी का?"

"आज शनिवार. दांडा लोखंड, अन् भरायला तेलही लागंल. उद्या तिसगावला भाचीचं लग्न हाय, सोमवारी रात्री येतो मी."

मंगळवारी दांडा म्हणजे रान बुधवारपर्यंत होणार नव्हतं. गनीभाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं. ते गोणीची घडी करत होते.

"आज द्या," राहीबाई म्हणाली.

"भाभी—"

"आज द्या. विकत."

गनीभाईंनी घडी करायची थांबवली. "आवो, मी नमाज पढणारा माणूस. मला शनिवारचं काय? पण धंदा हितं करायचाय. मागं एकानं हट्टानं शनिवारी बेअरिंग नेलं. सोमवारी त्याची म्हैस मेली. आठवडाभर दुकानासमोर उभा राहून मला शिव्या देत हुता."

"माझ्याकडं म्हैस न्हाई."

त्यांना हसू आवरलं नाही. मग ते तिच्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "असं करू. आज उसनं न्या. दांडाही उसना, तेलही उसनं. लग्नाहून आलो की पैसे द्या. मग ते शनिवारचं न्हाई झालं. सगळे तसंच करत्यात, कुणी बोलून दावत न्हाई."

पळवाट साधी होती आणि चांगल्या मनानं दिलेली होती. वाल्मिकनं ती घेतली नसती. तो फक्त रबर घेऊन घरी गेला असता. तसा तो गेलाच होता, आणि त्या एका शनिवारच्या पायी ती इतकी वर्षं पहार घेऊन ढेकळांतून चालली होती. तिला राग आला आहे का, हे तिनं स्वतःशी तपासून पाहिलं. राग नव्हता. ते चालणं परत मिळालं असतं तर तिनं ते घेतलं असतं. पण ते मिळणार नव्हतं. मिळणार होता तो दांडा.

"उसनं नको," ती म्हणाली. "मला माझा दांडा पाहिजे. आजचा."

गनीभाईंनी मांडणीवरचा पडदा एका बाजूनं वर केला.

दुपारपर्यंत लेथ चालला. लोखंडाचा निळसर कीस जमिनीवर पडत राहिला. राहीबाई स्टुलावर बसून ते बघत होती. गिऱ्हाईकं येत होती, दांडा बनताना पाहत होती, एकमेकांकडं बघत होती. एका बाईनं तिला विचारलं, "आज नेताय का ताई हे?" ती हो म्हणाली. बाई थोडी बाजूला सरकून उभी राहिली.

गनीभाईंनी रबरं कोमट तेलात बुडवून दट्ट्यावर चढवली. दोन दिशांना दोन तोंडं, असं त्यांनी तिला हात लावून तपासायला लावलं. तिनं तपासलं.

रविवारी सकाळी तिनं जॅक बसवला. पिना ठोकल्या, पाईप आवळले, तेल भरलं, आणि आतली हवा निघावी म्हणून रिकाम्या जागेवर लिव्हर चार-पाच वेळा पुढंमागं केली. मग पहिलं तास धरलं. टोकाला थांबून लिव्हर ओढली. नांगर उठला, उभा झाला आणि न अडता, कसलाही आवाज न करता पलीकडं गेला, झोपेत माणूस कूस बदलतो तसा. राहीबाईचा एक पाय तोवर पायरीवर आला होता. तो तिनं परत वर घेतला.

आता खाली उतरायचं कारणच उरलं नाही. तासामागून तास पडत गेलं. ढेकळं उलटत होती, मागं बगळे येत होते, ऊन चढत होतं आणि उतरत होतं. दुपारी झाडाखाली भाकरी खाताना तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एक शब्द बोललो नाही. तिनं मोठ्यानं म्हटलं, "चटणी तिखट झाली." आवाज घोगरा निघाला. पुढचा घास तिनं गप्पच खाल्ला. काम पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर सरत होतं. लवकर सरू नये असं तिला वाटलं, पण तसं वाटलं म्हणून तिनं गाडीचा वेग कमी केला नाही.

मंगळवारी ऊन कलायच्या आत शेवटचं तास पडलं.

अक्षय तृतीयेला तिनं वाल्मिकच्या नावाची नवी घागर भरून ठेवली, तिच्यावर आंबा ठेवला. पुरणपोळी, आमरस, कुरडया केल्या. दिपालीचा फोन आला, सुट्टी मिळाली नाही म्हणाली. वाल्मिकच्या नावानं जेवायला गोरक्षनाथ पाटावर बसला.

"शनिवारी लोखंड आणलं म्हणं," आमरसात पोळी बुडवत तो म्हणाला. "फाट्यापासून गावापर्यंत बातमी हाय. आमच्या घरात तर बोलत्यात, वैनीला आता कुणाचा धाकच राहिला न्हाई."

"तुमाला भीती वाटते का, भावजी? वाटत आसंल तर पोळी ठेवा खाली."

"पोळीनं काय घोडं मारलंय?" त्यानं आणखी एक घेतली. थोडा वेळ जेवला आणि मग ताटाकडंच बघत म्हणाला, "दादानं कधी आणलं नसतं."

"न्हाई," ती म्हणाली. "त्यांनी नसतंच आणलं."

जेवण झाल्यावर तो हात धुऊन ओसरीच्या कडेला उभा राहिला. समोर सगळं रान नांगरलेलं होतं, बांधापासून बांधापर्यंत, काळं आणि उघडं. त्यानं ते नीट पाहिलं. कुठं तास वाकडं गेलंय का, कोपरा सुटलाय का, हे त्याच्या नजरेनं तपासलं, आणि ते तिला कळलं. मग तो म्हणाला, "वाट्याचं मी पुन्हा काढणार न्हाई. शब्द म्हंजे शब्द." आणि जरा थांबून विचारलं, "यंदा काय करायचं मग? कपाशी का तूर?"

हा प्रश्न या ओसरीवर दर वर्षी विचारला जायचा, पण तिला नाही. ती आत भांडी आवरत असायची आणि वाल्मिकचं उत्तर तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पटलं नाही तर ती आतूनच काहीतरी बोलायची, तो तिकडून दटावायचा, आणि पेरा तो म्हणेल तोच व्हायचा.

"तूर," राहीबाई म्हणाली.

ती थांबली. तूर का, कपाशी का नाही, वरच्या पट्टीला पाणी पोचत नाही त्याचं काय, असं कोणीतरी विचारणार म्हणून तिनं उत्तरं मनात जुळवून ठेवली होती.

"बरं," गोरक्षनाथ म्हणाला. त्यानं चपला घातल्या आणि बांधावरून आपल्या वस्तीकडं निघून गेला.